समोरच्या काचेतून येणारे ऊन

गेल्या एप्रिलमध्ये कागलहून परतताना, संकेश्वर मागे पडल्यावर, पुढे चाललेल्या टिपरमधून उडालेला खडीचा एक तुकडा माझ्या गाडीच्या समोरच्या काचेवर येऊन आदळला, आणि घरी पोहोचेपर्यंत त्या टिकलीएवढ्या डागातून हातभर लांब चीर धावली. काच बदलणे भागच होते. बेळगावच्या उद्यमबागेत माझा मशीनिंगच्या जॉबवर्कचा लहानसा कारखाना आहे आणि तयार माल घेऊन आठवड्यातून तीन वेळा कागल किंवा गोकुळ शिरगाव गाठावे लागते. सकाळी लवकर निघायचे आणि दुपारच्या उन्हात परतायचे, असा हा वर्षानुवर्षांचा क्रम असल्यामुळे, नवी काच बसवायचीच आहे तर ऊन परतवणारी बसवावी, असे मनाने घेतले. त्याच्या आदल्या वर्षी मी याच हौसेपायी काचेवर चिकटवायच्या एका फिल्मवर पैसे घालवले होते. त्यामुळे या वेळी आधी नीट समजून घेतले आणि मगच खिशात हात घातला. समजलेले इथे लिहून ठेवतो आहे.

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणण्याची जुनी पद्धत आहे, आणि वळवाचा पाऊस वेळेवर आला तर ती आजही खोटी ठरत नाही. हवा मात्र कितीही बरी असली तरी बंद गाडीला त्याचे सोयरसुतक नसते, कारण गाडी तापते ती मुख्यतः काचेतून आत शिरणाऱ्या उन्हाने. आपले गाव सोळा अक्षांशाच्या किंचित खाली असल्याने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. माझ्या वडिलांची अॅम्बेसेडर आठवते. तिची समोरची काच बरीच उभी होती. आजच्या गाड्यांच्या काचा वाऱ्याला वाट देण्यासाठी मागे इतक्या कललेल्या असतात की काही मोटारींत त्या जमिनीशी जेमतेम तीस अंशांचा कोन करतात. सूर्य डोक्यावर असताना साठ अंशांत उभ्या असलेल्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरवर, सपाट टपावर पडेल त्याच्या निम्मे ऊन पडते. तीस अंशांच्या काचेवर तेच ८७ टक्के होते. म्हणजे वाऱ्यासाठी केलेली सोय उन्हाच्या पथ्यावर पडली. भर दुपारच्या निरभ्र उन्हाची ताकद चौरस मीटरला सुमारे एक हजार वॉट धरली आणि काच साधारण एक चौरस मीटरची धरली, तर तिच्यावर साडेआठशे वॉटच्या वर ऊन ओतले जात असते. घरातली इस्त्री चालू करून डॅशबोर्डवर पालथी ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

या उन्हात नेमके काय असते, हे कळल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाश सोडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत जास्त चढला. ते अवरक्त किरण. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हातली जवळजवळ निम्मी, किंबहुना निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा या न दिसणाऱ्या भागात असते, सुमारे ४३ टक्के दिसणाऱ्या प्रकाशात असते आणि उरलेली पाचेक टक्के अतिनील किरणांत. ऊन परतवणाऱ्या काचेचा सगळा खटाटोप या वाटणीवर उभा आहे, कारण दिसणारा भाग अडवला तर रस्ता दिसणार नाही, मात्र न दिसणारा भाग अडवला तर चालकाचे काहीच बिघडत नाही.

आत शिरलेले ऊन बाहेर का पडत नाही, हे मला कारखान्यातल्या तापमापक बंदुकीने शिकवले. कास्टिंग किती गार झाले हे पाहण्यासाठी आम्ही ती वापरतो. लांबून नेम धरला की पृष्ठभागाचे तापमान दाखवते. एका दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बाहेर उभे राहून मी समोरच्या काचेतून डॅशबोर्डवर नेम धरला. आकडा आला तो काचेचा. दार उघडून, हात आत घालून पुन्हा नेम धरला तेव्हा डॅशबोर्डचा खरा आकडा आला आणि तो कितीतरी वर होता. बंदूक बिघडलेली नव्हती. तापलेल्या वस्तूतून निघणारे किरण लांब तरंगलांबीचे असतात आणि काच त्यांना भिंतीसारखी आड येते. उन्हातले अवरक्त किरण आखूड तरंगलांबीचे, त्यांना मात्र तीच काच वाट देते. आपल्याकडे ढोबळी मिरचीसाठी पॉलिहाऊस उभारणाऱ्या शेतकऱ्यांना ही कोंडलेली ऊब चांगलीच ओळखीची आहे. अमेरिकेत अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये आतली हवा सरासरी ४७ अंशांवर, स्टिअरिंग ५३ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेलेला आढळला. आपण दार उघडल्यावर अंगावर येणारी झळ हवेची असते; ती खिडक्या उघडताच दोन मिनिटांत निघून जाते. डॅशबोर्ड मात्र पुढे बराच वेळ तापल्या तव्यासारखा समोर बसून राहतो.

आता त्या फिल्मची हकीकत. दुकान कुठले ते सांगत नाही. दुकानदाराने काउंटरवर एक लाल दिवा ठेवला होता, समोर नुसत्या काचेचा तुकडा धरून त्याने मला पलीकडे हात धरायला सांगितले, आणि चटका बसू लागताच तो तुकडा काढून फिल्म लावलेला दुसरा तुकडा मधे सरकवला. चटका एकदम थांबला. "सत्त्याण्णव टक्के हीट कट आहे साहेब," असे तो म्हणाला आणि मी पैसे मोजले. घरी आल्यावर विचार केला असता तर तिथेच फसगत लक्षात आली असती. अशा दिव्याची बहुतेक सगळी ऊर्जा अवरक्त असते, म्हणून फक्त अवरक्त अडवणारी फिल्मही त्या दिव्यापुढे जवळजवळ सर्व उष्णता अडवल्याचे भासवते. उन्हातला मोठा वाटा दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो आणि तो त्या प्रयोगात आलेलाच नसतो. शिवाय असे आकडे पुष्कळदा अवरक्ताच्या एखाद्याच तरंगलांबीवर किंवा सोयीच्या पट्ट्यावर मोजलेले असतात. दुकानात जाणाऱ्याने विचारायचा आकडा निराळा आहे: दृश्य, अवरक्त आणि अतिनील असे सगळे मिळून एकूण किती सौर ऊर्जा अडते? तो विचारल्यावर दुकानदार पत्रक उलटे करून पाहू लागतो, असा माझा नंतरचा अनुभव आहे.

हा हिशेब कागदावर एकदा करून पाहण्यासारखा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. उन्हाच्या ४३ टक्क्यांचे ७० टक्के म्हणजे ३० टक्के. तेव्हा एखाद्या काचेने अवरक्त आणि अतिनील यांचा कणही आत सोडला नाही, असे गृहीत धरले तरी, कायद्यात बसणाऱ्या समोरच्या काचेतून उन्हाची सुमारे ३० टक्के ऊर्जा आत येणारच. तेवढा तर आपण रस्ता पाहण्यासाठी मागून घेतलेला प्रकाश आहे. जो कोणी ९७ टक्के उष्णता अडवण्याची भाषा करतो, त्याची काच एक तर काळी असली पाहिजे किंवा त्याची टक्केवारी अर्ध्याच उन्हाची असली पाहिजे.

फिल्मचा दुसरा घोटाळा महामार्गावरच्या एका टोलनाक्यावर उघडा पडला. फास्टॅग वाचलाच जाईना. मागे उसाच्या ट्रॉलीपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत रांग लागली, कर्मचाऱ्याने हातातले यंत्र काचेजवळ आणून पाहिले, शेवटी मी दुप्पट रोख भरून बाजूला झालो. दुकानदाराने सिरॅमिक, म्हणजे बिनधातूची, म्हणून विकलेल्या त्या फिल्ममध्ये धातूचा थर होता. फिल्म काचेला आतून चिकटवतात आणि फास्टॅग तिच्यावर, त्यामुळे टॅग आणि बाहेरचा वाचक यांच्या मधोमध तो थर आला. टॅगच्या मागचा फिल्मचा तेवढा चौकोन ब्लेडने कापून काढला आणि नवा टॅग लावला, तेव्हा तो पहिल्या झटक्यात वाचला गेला.

फिल्मच्या कायद्याबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवरच्या काळ्या फिल्मना बंदी घातली आणि त्यानंतर बरीच वर्षे कुठलीच फिल्म चालत नाही, असाच त्याचा अर्थ लावला गेला. पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून भारतीय मानकात बसणाऱ्या सेफ्टी ग्लेझिंगला, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेलाही, जागा मिळाली; २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७० आणि ५० टक्क्यांच्या मर्यादेत राहणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही, असा निकाल दिला. तरीही रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसापुढे केरळचा निकाल वाचून दाखवण्याची माझी तयारी नाही, मग तो पोलीस कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडचा असो की पलीकडचा. समोरच्या काचेच्या बाबतीत तर साधे गणितच आड येते: मुळात ७५ टक्के प्रकाश सोडणाऱ्या कंपनीच्या हिरवट काचेवर ९० टक्के प्रकाश सोडणारी, दिसायला अगदी पारदर्शक फिल्म लावली, तरी दोन्ही मिळून ६७.५ टक्केच प्रकाश आत येतो आणि मर्यादा मोडते.

काच बसवणारे मामा पासष्टीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या हाताखालची दोन्ही मुले एकमेकांत कानडी बोलतात. त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेल्या तीन काचा दाखवल्या. पहिली साधी, दुसरी हिरवट, तिसरी वरून पाहिल्यावर किंचित जांभळट झाक मारणारी. "हिरवी काच ऊन पिती साहेब, आणि ही माघारी धाडती," असे ते म्हणाले, आणि एवढ्या थोडक्या शब्दांत मला कुठल्याही पत्रकाने हे सांगितले नव्हते. हिरव्या काचेत लोहाचा अंश असतो, तो अवरक्त किरण शोषून घेतो आणि काच स्वतः तापते. गाडी धावत असली की वारा तिची उष्णता बाहेरच्या बाहेर नेतो. गाडी उभी असली की त्यातली बरीच आत, आपल्या तोंडावर येते. तिसऱ्या काचेत चांदी होती.

चांदी खरोखरची, मात्र थर असा की एकेकाची जाडी दहा-पंधरा नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. निर्वात पेटीत चांदीचे अणू काचेवर उडवून हा थर बसवतात, आणि त्याच्या खाली-वर ऑक्साइडचे थर देतात, म्हणजे दिसणारा प्रकाश परावर्तित न होता आत जातो आणि अवरक्त तेवढे मागे फिरते. चांगल्या काचेत असे चांदीचे दोन किंवा तीन थर असतात. समोरची काच ही मुळात दोन काचांची असते, त्यांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा असतो. दगड लागूनही माझी काच चुरा होऊन मांडीवर पडली नाही ती त्याच्यामुळे, आणि अतिनील किरण जवळजवळ सगळे अडतात तेही त्याच्यामुळेच. चांदीचा थर या दोन काचांच्या आत बंद करावा लागतो, कारण उघड्यावर तिचे काय होते हे देवघरातल्या निरांजनाकडे पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असते.

थर खरेच आहे की नुसती रंगीत काच गळ्यात मारली जाते आहे, हे ओळखण्याची युक्ती मामांनी दाखवली. काचेसमोर मोबाइलचा टॉर्च लावून तिरके पाहायचे. साध्या काचेत दिव्याची दोन प्रतिबिंबे दिसतात, एक बाहेरच्या पृष्ठभागावरून आणि एक आतल्या. पीव्हीबी आणि काच प्रकाशाच्या दृष्टीने जवळपास सारखीच असल्याने मधली सांधजोड दिसत नाही. चांदीच्या काचेत त्या दोहोंच्या मधे तिसरे प्रतिबिंब उमटते आणि त्याचा रंग निराळा असतो. मी तिन्ही काचांसमोर टॉर्च धरून पाहिले. तिसरीत ते गुलाबी ठिपक्यासारखे स्पष्ट दिसले.

या काचेची खोडही चांदीतच आहे. धातू जसा उष्णतेचे किरण परतवतो तसेच रेडिओचेही परतवतो, आणि फास्टॅग तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो. कॅलिफोर्नियाच्या हवा नियामक मंडळाने २००९ मध्ये नव्या गाड्यांना ऊन अडवणाऱ्या काचा सक्तीच्या करण्याचा नियम मंजूर केला होता. मोबाइल, जीपीएस आणि देखरेखीखालच्या गुन्हेगारांच्या पायातली पाळत-कडी यांच्या संदेशात त्या अडथळा आणतील, अशी ओरड झाली आणि २०१० च्या मार्चमध्ये मंडळाला तो सोडून द्यावा लागला. थंड मुलखात हीच गोष्ट उलटी कामाला लावलेली आहे: १९८० च्या दशकात फोर्डने काचेतल्या धातूच्या थरातून वीज सोडून तिच्यावरचे बर्फ वितळवण्याची सोय विकायला काढली होती. आपल्याला बर्फाचे काय, असे वाटेल, पण आपल्या बाजूने पाहायचे ते एवढेच, की काच बनवणारे आता आरशाच्या मागे, काळ्या ठिपक्यांच्या नक्षीजवळ, थर नसलेला एक कोरा तुकडा मुद्दाम सोडतात. फास्टॅग तिथेच लावायचा असतो. मामांनी तो लावण्याआधी बोटाने कड चाचपून जागा निश्चित केली, आणि मी टोलनाक्याची हकीकत सांगितल्यावर ते मनापासून हसले.

काच बसवणे हे पाहण्यासारखे काम आहे. एक मुलगा आत आणि एक बाहेर बसून, जुन्या काचेच्या कडेच्या चिकट पट्टीतून ओवलेली तार करवतीसारखी पुढे-मागे ओढत तिला सोडवतात. मग चौकट साफ करून प्रायमर लावतात आणि सीलंटची काळी, त्रिकोणी धार न तोडता एका दमात फिरवतात. नवी काच रबरी चोषकांनी उचलून अलगद टेकवली की मामा पहिली सूचना देतात ती खिडक्या बोटभर उघड्या ठेवण्याची, कारण सगळे बंद असताना दार आपटले तर आत कोंडलेल्या हवेचा धक्का ओल्या सीलंटवरची काच उचलू शकतो.

फरक किती पडला? साध्या काचेतून उन्हाची पाऊणेक ऊर्जा आत येते, चांगल्या चांदीच्या काचेतून चाळीस ते पन्नास टक्के. मघाच्या साडेआठशे वॉटच्या हिशेबाने भर दुपारी अडीचशे वॉटच्या आसपास बचत होते. माझी जुनी काच हिरवट असल्याने माझ्या वाट्याला आलेला फरक त्याहून कमी आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. गुडघ्यांवर पडणारे ऊन टोचायचे ते आता टोचत नाही, आणि एसी पूर्वी हत्तरगीपर्यंत तिसऱ्यावर असायचा तो आता काकतीच्या उतारापासूनच दुसऱ्यावर चालतो. उभ्या गाडीला मात्र या काचेचा मोठा उपयोग नाही. चार तास उन्हात ठेवली तर ती तापतेच, फक्त थोडी सावकाश तापते. तिथे दीड-दोनशे रुपयांचा घडीचा चंदेरी पडदा काचेच्या आतून लावला की तो दिसणारा प्रकाशही परत फेकतो, जे कुठलीही कायदेशीर काच करू शकत नाही. आणि कॅम्पातल्या जुन्या झाडाखाली जागा मिळाली तर पडद्याचीही गरज उरत नाही.

बाटलीतून काचेवर फवारायचे "नॅनो कोटिंग" हेही मला त्या काळात कुणीतरी सुचवले होते. ते पाणी ओघळून जाण्यासाठी असते. खानापूरकडे किंवा चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात ते जरूर वापरावे, उन्हाशी त्याचा काही संबंध नाही.

राहिला उजवा हात. दुपारी कागलहून बेळगावकडे, म्हणजे दक्षिणेकडे गाडी हाकताना सूर्य उजवीकडे असतो आणि चालकही उजवीकडेच बसतो. बाजूची काच सहसा एकेरी, टफन्ड असते. तिच्यात पीव्हीबीही नाही आणि चांदीही नाही, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत माझा उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा आहे आणि समोरच्या नव्या काचेने त्यात काहीही बदल झालेला नाही. स्कूटरवरून कॉलेजला जाणाऱ्या मुली घालतात तसली एक सुती बाही मी मारुती गल्लीतून आणली आहे. ती गाडीच्या दाराच्या खणात असते, आणि निपाणी ओलांडली की मी ती चढवतो.